हृदयाचा ठोका आणि शिपायाची फेरी



गेल्या अंकात आपण वृद्धापकाळातील सायंकाळच्या आहाराचा विचार केला. आज त्याच वेळी घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका आहाराविषयी बोलू. हा आहार डोळ्यांनी आणि कानांनी घेतला जातो. दिवेलागण झाली की बहुतेक घरांत दूरचित्रवाणी संच सुरू होतो आणि ज्येष्ठ मंडळींची खुर्ची त्याच्यासमोर सरकते. पोटात मीठ किती गेले, साखर किती गेली, याचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो. मनात काय गेले याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ही चौकशी अनाठायी नाही. जॉर्ज गर्बनर या अमेरिकी संज्ञापन-अभ्यासकाने १९७०च्या दशकात एक निरीक्षण मांडले होते. जी माणसे फार वेळ दूरचित्रवाणी पाहतात, त्यांना बाहेरचे जग प्रत्यक्षाहून अधिक धोकादायक वाटू लागते, असे ते निरीक्षण होते. वृद्ध माणसाच्या बाबतीत ही भीती मनापुरती राहत नाही. दरोड्याची तीच दृश्ये चढ्या आवाजात दहा वेळा पाहिलेले आजोबा दाराला दुसरी कडी लावतात, संध्याकाळचा फेरफटका टाळतात. चालणे थांबले की गुडघे आखडतात, भूक मंदावते, झोप उडते. भीतीचा असा शरीरापर्यंत पोहोचणारा मार्ग असतो.

आणि तरीही एक गंमत पाहा. ज्यांना गुन्ह्यांच्या बातम्यांनी धास्ती वाटते, त्याच ज्येष्ठांना पोलिसांची गोष्ट मनापासून आवडते. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती महानगराची आणि तपासाची मालिका होती. पण पोलिसांच्या गोष्टींचा आणखी एक प्रकार आहे. त्यात गाव लहान असते, चोरी किरकोळ असते आणि चोरापेक्षा चोराच्या शेजाऱ्यांविषयीच आपल्याला अधिक कळते. अशा मालिकेत वृद्ध मनाला नेमके काय लाभते? आणि ती आवडत असेल, तर शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यातून काय ओळखावे? आजच्या सदराचा विषय हाच आहे. त्यासाठी या प्रकारातील एक नामांकित उदाहरण घेऊ.

एडन्सफील्डचा शिपाई

इंग्लंडमधील आयटीव्ही या वाहिनीवर १९९२ साली ‘हार्टबीट’ नावाची मालिका सुरू झाली आणि ती २०१०पर्यंत चालली. तिची १८ पर्वे आणि ३७२ भाग झाले. मुलांकडे इंग्लंडला जाऊन राहिलेल्या आपल्या वाचकांपैकी काहींनी तिचे पुनःप्रक्षेपण तेथे पाहिलेही असेल. यॉर्कशायरच्या उत्तर भागातील एडन्सफील्ड हे खेडे आणि जवळचे ॲशफर्डली हे छोटे शहर अशी तिची भूमी. दोन्ही नावे काल्पनिक आहेत. चित्रीकरण मात्र गोथलँड या खऱ्या खेड्यात होत असे. माळरानाच्या कुशीत वसलेले, वाफेच्या इंजिनाच्या आगगाडीचे स्थानक असलेले आणि रस्त्यावरून मेंढ्या निवांत हिंडणारे असे ते गाव आहे.

मालिकेचा काळ १९६०च्या दशकाचा. पीटर वॉकर हे उत्तर यॉर्कशायरच्या पोलीस दलात अनेक वर्षे नोकरी केलेले गृहस्थ होते. निकोलस ऱ्हिया या टोपणनावाने त्यांनी खेड्यातील पोलीस शिपायाच्या अनुभवांवर १९७९पासून पुस्तके लिहिली. त्या पुस्तकांवरून ही मालिका निघाली. म्हणजे तिच्या मुळाशी गुन्हेगारीची अद्भुत कल्पना नव्हती. दररोज गावातून फेरी मारणाऱ्या एका माणसाची माहिती होती.

आरोग्यविषयक पाक्षिकाच्या वाचकांना मालिकेचे नावही रुचेल. गस्तीच्या ठरावीक हद्दीला इंग्रजीत ‘बीट’ म्हणतात. आपल्याकडील पोलीस ठाण्यांतही ‘बीट हवालदार’ हा शब्द रुळलेला आहे. मालिकेचा नायक निक रोवन हा लंडन सोडून आलेला पोलीस शिपाई, तर त्याची पत्नी केट ही डॉक्टर. त्याची बीट आणि तिचे हृदय मिळून ‘हार्टबीट’ हे नाव झाले. एकाने गावाची विचारपूस करायची, दुसरीने गावाची नाडी पाहायची. दोघांची कामे वेगळी असली तरी रीत एकच होती. दोघांनाही दार ठोठावावे लागे, घरात जाऊन बसावे लागे आणि समोरच्याचे बोलणे पुरते ऐकावे लागे.

गुन्ह्याआधी माणूस

या मालिकेचे खरे आकर्षण तिच्या माणसांत आहे. सार्जंट ऑस्कर ब्लेकटन हा कडक शिस्तीचा, कपाळाला सदैव आठी असलेला ठाणे-अंमलदार. ही भूमिका डेरेक फोल्ड्स यांनी केली होती. ‘येस मिनिस्टर’मधील बर्नार्ड म्हणून त्यांना आपण ओळखतो. क्लॉड ग्रीनग्रास हा गावचा अवलिया. चोरटी शिकार, जुन्या मालाचे संशयास्पद व्यवहार आणि सोबत आल्फ्रेड नावाचा केसाळ कुत्रा असा त्याचा संसार. ब्लेकटन वर्षानुवर्षे त्याच्या मागावर असतो. पण पाहणाऱ्याला हळूहळू जाणवते, की या दोघांना एकमेकांशिवाय करमणार नाही. आल्फ व्हेंट्रेस हा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा शिपाई, खाण्याचा शौकीन आणि कामाचा कंटाळा असलेला. मात्र कोणाचा कोण, कोणाचे कोणाशी केव्हा बिनसले, हे ठाण्यात त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

अशा गावात चोरी झाली, तर ‘चोर कोण’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही. ‘या माणसावर ही वेळ का आली’ हेही शोधावे लागते. शिपाई आरोपीला त्याच्या नावाने, वडिलांच्या नावाने, शाळेतील खोड्यांसह ओळखत असतो. गुन्हा घडण्याआधी तेथे माणूस माहीत असतो. म्हणून शिक्षा झाली तरी तो माणूस गावातून पुसला जात नाही. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा पबमध्ये दिसतो आणि कोणीतरी त्याला जागा करून देते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. अशी मालिका गोड असते, म्हणून तिच्यात दुःख नसते असे नाही. ‘हार्टबीट’मधील डॉक्टर केट ही रक्ताच्या कर्करोगाने जाते आणि तान्ह्या मुलीसह निक मागे राहतो. आगी लागतात, अपघात होतात, माणसे फसवली जातात. परंतु दुःख घडले की तेथे कोणीतरी येऊन बसते. वृद्ध प्रेक्षकाला दिलासा मिळतो तो यामुळे. दुःख टळणार नाही, हे त्याच्या वयाला आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्या वेळी आपण एकटे नसू, एवढीच हमी त्याला हवी असते.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांच्या नजरेतून सुटत नाही. या गावात म्हातारी माणसे अडगळीत जात नाहीत. प्रकृतीच्या कारणाने ब्लेकटनला पोलीस दल सोडावे लागते, पण तो मालिकेतून नाहीसा होत नाही. आधी गावचे टपाल कार्यालय आणि पुढे पब सांभाळतो, आणि नव्या पोरांना सल्ला द्यायचे काही सोडत नाही. व्हेंट्रेसही निवृत्तीनंतर साध्या कपड्यांतील कर्मचारी म्हणून ठाण्यातच परततो. पडद्यामागेही असेच काहीसे घडले. ग्रीनग्रासची भूमिका करणाऱ्या बिल मेनार्ड यांना पक्षाघाताच्या झटक्यांमुळे २००० साली मालिका सोडावी लागली. परंतु २००३ साली सुरू झालेल्या ‘द रॉयल’ या रुग्णालयावरील भावंड-मालिकेत तेच पात्र घेऊन ते पुन्हा लोकांसमोर आले. उपयोग संपला की माणूस संपला, ही भीती उराशी बाळगणाऱ्या वयाला असे पाहणे औषधासारखे लागू पडते.

मनाला हे का मानवते

याची काही कारणे मानसशास्त्राने सांगितलेली आहेत. पहिले कारण आठवणींचे. वृद्धापकाळी आयुष्यातील सर्वाधिक ठळक आठवणी साधारणपणे दहा ते तीस या वयातील असतात, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. १९६०च्या दशकातील गाणी, मोटारी, दुकानांच्या पाट्या यांनी भरलेली ही मालिका इंग्लंडमधील ज्येष्ठांना त्यांच्या तारुण्यात घेऊन जात असे. गमतीचा भाग असा, की मालिका अठरा वर्षे चालली तरी तिच्यातील ते दशक काही संपले नाही! रॉबर्ट बटलर या अमेरिकी वृद्धमनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले, की वृद्धांचे जुन्या गोष्टींत रमणे हा बुद्धीचा ऱ्हास नाही. आयुष्याचा ताळेबंद मांडण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे. तेव्हा ‘आमच्या वेळी’ हे शब्द ऐकून घरातल्यांनी त्रासून जाऊ नये.

दुसरे कारण सोबतीचे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली दाखवून दिले, की पडद्यावर नियमितपणे भेटणाऱ्या व्यक्तींशी प्रेक्षकाचे एकतर्फी का होईना, पण स्नेहाचे नाते जुळते. ठरल्या वेळी तीच माणसे घरी येतात, त्यांच्या लकबी आपल्याला ठाऊक असतात. एकट्या माणसाला ही हजेरी हवीशी वाटते.

तिसरे कारण रचनेचे. अशा मालिकेचा मुख्य पेच सहसा त्याच भागात सुटतो. काल काय घडले हे आठवले नाही, तरी आजची गोष्ट समजते. ज्यांची नजीकची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. रोज टांगून ठेवणाऱ्या कौटुंबिक मालिकांत ती मिळत नाही. पाहिलेला भाग पुन्हा पाहावासा वाटणे हेही काळजीचे लक्षण मानू नये. शेवट ठाऊक असला की मन धास्तीतून मोकळे होते आणि माणसांकडे पाहायला सवड मिळते. आपण कीर्तनात तीच कथा वर्षानुवर्षे ऐकत आलो, ती काय शेवट कळावा म्हणून?

पथ्य

औषध चांगले असले तरी त्याची मात्रा असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१९ साली पन्नाशीपुढील ३,६६२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज साडेतीन तासांहून अधिक वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती सहा वर्षांनंतर इतरांहून अधिक घटलेली आढळली. अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही सावध होण्याइतका हा आधार पुरेसा आहे. मालिका कितीही सोज्ज्वळ असली, तरी दिवसभर संच चालू ठेवू नये. पुढील गोष्टी घरातल्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

वेळ ठरवावी. एक भाग, फार तर दोन. झोपण्यापूर्वी तासभर तरी संच बंद असावा. जाहिराती लागल्या की उठून खोलीत चार पावले चालावे. उठणे शक्य नसेल तर बसल्या जागी घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात.

आवाजाकडे लक्ष द्यावे. वाढत्या वयात आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि पार्श्वसंगीतात संवाद बुडून जातात. आजी ‘काही कळत नाही’ म्हणाल्या, तर त्याचा अर्थ प्रत्येक वेळी ‘आकलन गेले’ असा नसतो. खुर्ची जवळ घ्यावी, पडद्यावरील अक्षरे सुरू करावीत आणि एकदा श्रवणतपासणी करून घ्यावी.

स्मृतिभ्रंश असलेल्यांबाबत विशेष काळजी हवी. त्यांच्यापैकी अनेकांची बेचैनी दिवस मावळताना वाढते. काहींना पडद्यावरील माणसे खोलीतच आहेत असे वाटते. कोणी पोलीस पाहून घाबरते, कोणी पडद्यावरच्या पाहुण्यांसाठी चहा ठेवायला उठते. त्यांच्याशी वाद घालू नये, ‘ते खोटे आहे’ असे बजावू नये. संच बंद करावा, खोलीत पुरेसा उजेड करावा, हातात हात घेऊन दुसरा विषय काढावा. असे वारंवार घडत असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारी बसावे. रोज जमले नाही, तरी आठवड्यातून दोनदा बसावे. हातातला मोबाइल बाजूला ठेवून बसावे. भाग संपल्यावर गोष्ट कळली का, अशी परीक्षा घेऊ नये. त्याऐवजी विचारावे, ‘बाबा, या सार्जंटसारखे तुमच्या कचेरीत कोण होते हो?’ किंवा ‘आई, तुमच्या गावात असा इरसाल म्हातारा होता का?’ मग पाहा, पडद्यावरचे गाव मागे पडते आणि त्यांचे गाव समोर उभे राहते. ज्यांना नातवाचे नाव आठवत नाही, त्यांना कधी कधी पोस्टमनचे आडनाव, त्याची सायकल आणि त्या सायकलची घंटासुद्धा आठवते.

फेरी कोण मारणार?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही मालिका ज्या काळाचे चित्र रंगवते, त्याच दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पायी गस्तीची जुनी पद्धत मागे पडू लागली होती आणि पोलीस मोटारींतून फिरू लागले होते. राहते घर आणि कचेरी एकाच छपराखाली असलेली खेड्यातील पोलीस-घरेही पुढे बंद होत गेली. म्हणजे लोक पडद्यावर जे आवडीने पाहत होते, ते त्यांच्या दारातून नाहीसे झाले होते. दार ठोठावणारा शिपाई येईनासा झाला, आणि तो मालिकेत येऊ लागला.

आपल्या घरातील वृद्ध माणूस अशा गोष्टीत रमत असेल, तर त्यामागची ही भूक ओळखावी. त्याला गुन्ह्याचे कुतूहल फारसे नसते. आपल्याला नावाने ओळखणारे कोणी रोज दारावरून जावे, दोन शब्द बोलावे, आज खिडकी उघडली नाही तर थबकून चौकशी करावी, एवढेच त्याला हवे असते. मालिका या भुकेचे चित्र दाखवते, पण भूक भागवू शकत नाही. पडद्यावरचा शिपाई आपल्या आजोबांना ओळखत नाही. ते पडले तर तो धावून येणार नाही.

म्हणून ‘बीट’ आपणच आखावी. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी सकाळी कोणी, दुपारी कोणी, संध्याकाळी कोणी डोकवायचे, हे कुटुंबीय, शेजारी आणि मदतनीस यांनी मिळून ठरवावे. दूधवाला, वॉचमन, कोपऱ्यावरचा औषधविक्रेता यांच्याकडे घरातील एकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. परगावच्या मुलांनी फोनची वेळ निश्चित करावी आणि ती औषधाच्या वेळेसारखी पाळावी. ज्येष्ठांनीही केवळ वाट पाहणारे होऊ नये. शेजारच्या इमारतीतील आजारी मित्राची विचारपूस ही आपली बीट मानावी. निवृत्त ब्लेकटन घरी बसला नाही, हे विसरू नये.

कायद्यालाही ही गरज मान्य आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे चरितार्थ आणि कल्याण अधिनियम २००७ साली झाला आणि त्याखालील महाराष्ट्राचे नियम २०१० साली आले. पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी आणि त्यांची वेळोवेळी भेट घ्यावी, अशी अपेक्षा त्यात आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव त्या यादीत आहे का, हे जवळच्या ठाण्यात जाऊन विचारावे आणि नसल्यास नोंदवावे. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ ही राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. तो क्रमांक ठळक अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ चिकटवून ठेवावा.

तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी गोष्ट पाहायला हरकत नाही. जी गोष्ट माणसांविषयी आस्था वाढवते आणि भीती उतरवते, ती निवडावी. पण ती संपली, संच बंद झाला, की एक काम अवश्य करावे. शेजारच्या ज्या दारामागे आज हालचाल जाणवली नाही, त्या दारावर हलकेच थाप द्यावी आणि आत असलेल्या माणसाला नावाने हाक मारावी.